फळ्यावरचं पत्र

मुलुंडच्या एका शाळेत मी तेवीस वर्षं मराठी शिकवते आहे, आणि त्यातली अठरा वर्षं दर जुलैत मी एकच पत्र फळ्यावर लिहीत आले. राखीपौर्णिमेला सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवायची आमच्या शाळेची पद्धत आहे. राख्या मुलं कार्यानुभवाच्या तासाला करतात, लोकरीच्या, टिकल्यांच्या, आणि प्रत्येक राखीसोबत एक पत्र जातं. पत्र मुलांनी मनानं लिहायचं असतं. पण मुलांनी मनानं लिहिलं की काय होतं ते कुठल्याही मराठीच्या शिक्षिकेला विचारा. पहिल्याच वर्षी एकानं जवानाला विचारलं होतं, तुम्हाला जेवणात अंडी देतात का. एका मुलीनं तिच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं दोन पानं भरून कळवलं होतं. तेव्हा मला बोलावून सांगण्यात आलं की शाळेची शोभा होईल असं काहीतरी करा. मग मी एक नमुना तयार केला.

नमुना माझा फार लाडका होता. "प्रिय जवानदादा, आपण सीमेवर छातीचा कोट करून उभे आहात, म्हणून आम्ही येथे सुखाने झोपतो," अशी सुरुवात. मग ऊन, वारा, बर्फ. मग आईच्या हातची पुरणपोळी, जी जवानदादा आमच्यासाठी सोडून गेले आहेत. आणि शेवटी: "देशासाठी लढताना आपणांस वीरमरण आले, तरी आम्हां भावंडांना आपला अभिमानच वाटेल." हे वाक्य वाचताना मी 'वीरमरण'च्या आधी अंमळ थांबायचे. वर्ग चिडीचूप व्हायचा. एका वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, दारात उभं राहून ते ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःवर खूश होऊन पाव किलो जिलबी घेतली होती.

हे पत्र कुणीतरी खरंच वाचणार आहे, हे मला अठरा वर्षांत एकदाही सुचलं नाही. सकाळी दात घासून, चहाचा मग हातात धरून बसलेला एक धडधाकट माणूस, आणि त्याला मुलुंडची चाळीस पोरं एका सुरात कळवतायत की तू मेलास तरी आमची काही हरकत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी सैन्यात गेलेलं नाही. वडील पोस्टात, नवरा विमा कंपनीत. मुलानं मात्र एकदा, अकरावीत असताना, सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेचा फॉर्म आणला होता. मी त्याला नाही म्हटलं नाही. आमच्यासारख्या घरांत नाही म्हणायची पद्धतच नाही. मी फक्त म्हटलं, "तुला चष्म्याचा नंबर आहे रे, उगाच कशाला?" नंबर अर्धा होता. मग तो फॉर्म फ्रीजवर गॅसच्या पुस्तकाखाली पडून राहिला, तारीख उलटून गेली, आणि मुलगा इंजिनिअर झाला. फॉर्म फ्रीजवर होता त्याच आठवड्यात मी शाळेत फळ्यावर वीरमरण लिहीत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दरवर्षी सहावीला वाक्यात उपयोग करून शिकवते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तापलं. आमच्याकडे ते टीव्हीवर तापलं. संध्याकाळी भाजी निवडत मी बातम्या लावायचे, आणि चौकटी-चौकटींत बसलेली माणसं एकमेकांवर ओरडत युद्ध मागायची. त्यातल्या कुणाचा मुलगा तिकडे होता असं त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला विचारावंसं वाटलं नाही. उलट मी एका चॅनलवरून दुसऱ्यावर जायचे, आणखी चढ्या आवाजाचं काहीतरी मिळेल म्हणून. बिल्डिंगच्या ग्रुपवर मी तलवारी आणि झेंडे पाठवले. स्टेशनजवळ एक फलक लागला होता, जवानांना सलाम करणारा. त्यावर जवान कोपऱ्यात अंगठ्याएवढा होता आणि सलाम करणाऱ्या पुढाऱ्याचं तोंड दाराएवढं. मी रोज त्याखालून जायचे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. "एकदाचं होऊनच जाऊ दे," असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. निवृत्तीला आलेले आमचे विज्ञानाचे सर तेवढे म्हणाले की होऊन जाऊ दे म्हणजे नक्की काय होऊ दे, कुणाचं होऊ दे, आणि झाल्यावर कुणाला काय मिळणार ते कुणीतरी मला सांगा. मी त्यांना म्हटलं की तुमच्यासारख्या लोकांमुळेच हा देश मागे राहिला. उचलली जीभ लावली टाळ्याला. सर डबा उघडून जेवायला लागले, आणि मला वाटलं मी जिंकले.

त्याच दिवसांत मोठ्या बाईंना कल्पना सुचली. दरवर्षी आमचं पाकीट कुठल्यातरी संस्थेमार्फत जायचं आणि त्याचं पुढे काय व्हायचं ते देव जाणे. पण यंदा सातवीत एक मुलगी अशी होती जिचे वडील सैन्यात, उत्तरेकडच्या सीमेवर होते. तर पाकीट थेट तिच्या वडिलांच्या तुकडीलाच पाठवायचं. वर सैनिकाच्या लेकीचं पत्र, खाली बाकीची. मुलीच्या आईकडून पत्ता मागवला. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. मूळची वाशीमकडची माणसं, पण मुलगी मुलुंडमध्येच वाढलेली. अंगानं काटकी, अक्षर टपोरं, वर्गात फारसं न बोलणारी. तिला कुणी काही विचारलं नाही. तिचे वडील, तिचा पत्ता, पण उपक्रम शाळेचा.

मी फळ्यावर नमुना लिहिला. मुलं उतरवून घ्यायला लागली. तिनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, मी दादा लिहू का पप्पा?" वर्ग हसला. मीही हसले. मी म्हटलं, तू पप्पा लिही. तेवढ्यावर ती खाली बसली आणि तासभर मान वर न करता लिहीत राहिली.

संध्याकाळी घरी गठ्ठा तपासताना तिचं पत्र निघालं. फळ्यावरचं एक अक्षर त्यात नव्हतं. ते मला आता पाठ आहे, कारण त्यानंतर मी ते मनात पुष्कळदा वाचलं आहे.

"पप्पा, तुम्ही कसे आहात. तुमचा गुडघा कसा आहे. तुम्ही साहेबांना सांगितलं नसणार, मला माहीत आहे. मम्मी म्हणते की अजून दोन वर्षं थांबणार का ते तुम्हाला लिहून द्यायचं आहे. तुम्ही नाही असं लिहा. मला सायकल नको. टीव्हीवर एक माणूस युद्ध पाहिजे युद्ध पाहिजे असं ओरडत होता आणि मध्ये मध्ये पाणी पीत होता. त्याला जाऊ द्या. तुमच्या समोरच्या बाजूला जे पप्पा असतील त्यांनाही सांगा नाही लिहायला. मग दोघं घरी या."

खोटं कशाला सांगू, मी ते तीनदा वाचलं. तेवढ्यावर ते गठ्ठ्यात परत ठेवलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण हातात लाल पेन होतं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि खाली लिहिलं: विषयाला सोडून. मोठ्या बाई हे पत्र सगळ्यांत वर ठेवणार होत्या. फोटो निघणार होता. आणि मला खरंच वाटत होतं, अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं, की असलं पत्र सीमेवर पाठवणं हे पाप आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला मधल्या सुट्टीत टेबलाशी बोलावलं. मी रागावले नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, पोरं रागावणं विसरतात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हटलं, "बाळा, पप्पा तिकडे पहाऱ्यावर असतात ना? असलं वाचून त्यांचं मन खचलं, ऐन वेळी लक्ष उडालं, आणि काही झालं, तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "माझ्यामुळे?"

मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं की जवानाचं मनोधैर्य ही फार मोठी गोष्ट असते. मनोधैर्य हा शब्द मी टीव्हीवरून उचलला होता, जसा सगळाच माल उचलला होता.

तिला पुन्हा नमुना लिहायला लावता आला असता. पण सैनिकाच्या लेकीचं पत्र बाकीच्यांसारखंच कसं चालेल? म्हणून मी तिच्यासाठी वेगळं पत्र स्वतः लिहिलं. आणि इथे माझ्यातली हुशार बाई जागी झाली. आम्ही मुलांना शिकवतो ना, लेखनात स्वतःच्या अनुभवातले बारकावे यायला हवेत. मी बारकावे घेतले. तिच्याच पत्रातून घेतले. "पप्पा, तुमचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक आहे. तुम्ही ते कुणाला सांगत नाही, हेही ठाऊक आहे. पण देशाला तुमची गरज असताना पाऊल मागे घेऊ नका. मला सायकल नको, मला शूर पप्पा हवेत. तुम्हाला वीरमरण आले, तरी मी ताठ मानेने जगेन." लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं.

तिनं ते टपोऱ्या अक्षरात उतरवून काढलं. एक खाडाखोड नाही. मी तिला म्हटलं, शाब्बास, अक्षर मोत्यासारखं आलंय. तिचं मूळ पत्र फाडून रद्दीच्या पिशवीत टाकलं. पाकीट गेलं, फोटो निघाला, शाळेच्या भिंतीवर लागला.

जानेवारीत तिचे वडील रजेवर आले, आणि प्रजासत्ताकदिनाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं गेलं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. सूत्रसंचालन अर्थात माझं. मी त्यांना न भेटताच त्यांची ओळख लिहून काढली होती, लहानपणापासून देशसेवेचं स्वप्न, शत्रूच्या उरात धडकी वगैरे. माईकवर ते वाचत असताना मी त्यांच्याकडे बघितलं. बारीक चणीचा, कानाजवळ केस पांढरे झालेला माणूस, खुर्चीच्या कडेवर बसलेला. शत्रूच्या उरात धडकी या शब्दांना त्यानं खाली बघितलं, आपल्याबद्दल नाही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय आणि ऐकलं तर बरं दिसणार नाही, असं.

त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते दोन वाक्यं बोलले, अभ्यास करा आणि आईवडिलांचं ऐका, आणि बसले. टाळ्या मात्र माझ्या भाषणाला पडल्या त्याहून जास्त पडल्या. पालकांपैकी तिघा-चौघांनी येऊन त्यांच्या पायाला हात लावला. एका आजोबांनी तर मिठीच मारली आणि म्हणाले, साहेब, सोडू नका त्यांना. ते "हो, हो" म्हणत राहिले. पायऱ्या उतरताना ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी गुडघ्याबद्दल लिहिलेलं होतं.

मग मोठ्या बाईंच्या खोलीत चहा झाला. मोठ्या बाई, मी, ते, आणि फोटोसाठी बोलावून त्यांच्याजवळ उभी केलेली ती. ते मोकळे झाले. म्हणाले, मॅडम, एक सांगू, रागावू नका, मी ट्रक चालवतो. पाणी आणि रेशन वर न्यायचं आणि रिकामे कॅन खाली आणायचे. शत्रू मी टीव्हीवरच बघितला. बारावीनंतर गावाकडे भरती निघाली होती, गल्लीतले चौदा जण धावलो, यादीत मी बसलो. घरात दुसरी नोकरी नव्हती कुणाला. देशसेवा म्हणतात ते नंतर हळूहळू समजलं, ते खोटं नाही, पण धावताना डोक्यात नव्हतं. मोठ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या की हा तुमचा विनय आहे.

मग राख्यांचा विषय निघाला. पाकीट पोहोचलं त्या दिवशी तुकडीत फार मजा आली म्हणाले. पत्रं सगळ्यांना वाटली. एकानं वाचायला सुरुवात केली की दुसरा पुढचं वाक्य न बघता म्हणायचा, कारण सगळी सारखीच. "कुणीतरी फळ्यावर लिहून दिलं असणार, कळतं ना आम्हाला. आम्हीपण शाळेत तेच केलंय." त्यांच्यातला एक केरळचा होता, त्याला मराठी येत नव्हतं, तर त्याला भाषांतर करून सांगितलं, तो म्हणाला, यांना आम्ही मरायची एवढी घाई का आहे? असं सांगून ते हसले. मोठ्या बाईही हसल्या. मी चहाच्या कपातली साय बोटानं बाजूला करत होते.

"पण माझ्या पोरीचं वेगळं होतं," ते म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. मी त्या कागदावरचं मोत्यासारखं अक्षर लांबून ओळखलं. त्यांनी सांगितलं, अगदी सहज, कुठं काय बोलतोय याचा विचार न करता, की त्याच आठवड्यात त्यांना ऑफिसात लिहून द्यायचं होतं, दोन वर्षं आणखी थांबायचं की पेन्शन घेऊन घरी यायचं. घरी यायचं ठरलं होतं. बायकोचाही आग्रह होता. मग हे पत्र आलं. "गुडघ्याचं घराबाहेर कुणाला माहीत नाही, मॅडम. पोरीनं ते लिहिलं आणि तरी लिहिलं की पाऊल मागे घेऊ नका. मी म्हटलं, बारा वर्षांची पोरगी एवढं म्हणते आणि मी गुडघा धरून घरी जाऊ? तिला शाळेत काय वाटेल? दिली सही."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला विचारलं, "हे तिनं मनानं लिहिलं ना, मॅडम?"

त्यांना शंका नव्हती. मुलीचं कौतुक बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. मोठ्या बाई माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. ती वडिलांच्या खुर्चीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, आता बाई काय सांगतात ते ऐकायला.

मी म्हटलं, "हो, तिनंच लिहिलं."

त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान खाली घातली. मी अजून चहा घेणार का म्हणून विचारलं.

त्या वेळी का बोलले नाही याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. मोठ्या बाईंसमोर कसं सांगणार, पाहुण्यांचा विरस होईल, सही तर होऊनच गेली. सगळी कारणं चांगली आहेत आणि खरं कारण त्यात नाही. खरं कारण असं की मला तोंडाला काळं फासून घ्यायचं नव्हतं. तो माणूस माझ्या एका वाक्यामुळे दोन वर्षं दुखऱ्या गुडघ्यानं घाट चढणार होता, आणि मला माझी अब्रू जपायची होती. वर मी शौर्यावर निबंध लिहून घेणारी बाई. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणं म्हणतात ते हेच, फक्त इथे खांदा एका बारा वर्षांच्या मुलीचा होता आणि समोर तिचाच बाप.

ते परत गेले. मी रोज वर्गात जायचे, ती रोज तिसऱ्या बाकावर बसलेली असायची. मी तिला प्रश्न विचारणं टाळायला लागले. असे पाच आठवडे गेले, आणि मग एका रविवारी मी तिच्या घरी गेले. जाताना मिठाई घ्यावी का, या प्रश्नावर मी दुकानासमोर दहा मिनिटं उभी होते. शेवटी काहीच घेतलं नाही.

सातव्या मजल्यावर दीड खोलीचं घर. शेल्फवर बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्या शेजारी वर्दीतला फोटो. आईनं मला खुर्ची दिली आणि पोरीला खाली दूध आणायला पिटाळलं. मी सगळं एका दमात सांगितलं. पत्र माझं, गुडघा मी तिच्या पत्रातून उचलला, मूळ पत्र फाडलं. वाटलं होतं की तिची आई भडकेल, आणि भडकली की मला बरं वाटेल.

"मला माहितेय, बाई," ती म्हणाली. "तिनं त्याच दिवशी सांगितलं मला."

मी विचारलं, मग तुम्ही शाळेत का आला नाहीत, त्यांना का नाही सांगितलं. तिनं सांगितलं की शाळेशी वाकडं घेऊन पोरीला तिथंच ठेवायचं तर कसं होणार. आणि नवऱ्याला तिनं फोनवर सांगितलं होतं की ते पत्र तिचं नाही. पण तो म्हणाला, तुला मी घरी यायला हवाय म्हणून तू तसं म्हणतेस. त्यानं पोरीला फोनवर घेतलं आणि विचारलं. पोरगी म्हणाली, हो पप्पा, मीच लिहिलं.

"असं का म्हणाली ती?" मी विचारलं.

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं आवाज चढवला नाही. "तुम्ही तिला सांगितलं ना, की घरी या म्हटलं तर पप्पांचं लक्ष उडेल आणि काहीतरी होईल? तेव्हापासून ती त्यांना काहीच सांगत नाय. ताप आला तरी नाय. गणितात नापास झाली तरी नाय. मी बरी आहे, अभ्यास चालू आहे, बस एवढंच. तिला वाटतं, ती बोलली की तिकडं काहीतरी होतं."

मला पाणी हवं होतं, पण मागायची लाज वाटली. मी म्हटलं, मी त्यांना स्वतः फोन करते, सगळं सांगते. ती म्हणाली, नका करू. सही झाली. आता फिरवता येत नाही. दोन वर्षं त्यांना तिथं काढायचीयत, ती पोरीनं सांगितलं म्हणून काढतायत असं वाटू दे. बाईंनी फळ्यावरून पाठवलं म्हणून काढतायत, हे कळून त्या थंडीत त्यांचं काय होईल? मला यातून सुटायचा जो एकच रस्ता होता, तो तिनं इतक्या शांतपणे बंद केला. आणि तिचं बरोबर होतं.

"पण हिला सांगा," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगितलं होतं ना."

पोरगी दूध घेऊन आली. मला बघून दारातच थबकली, चप्पल काढली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात मागे बांधून माझ्यासमोर उभी राहिली, वर्गात राहते तशी. मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. मी तिला सांगितलं की त्या वेळी मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. पत्रानं कुणाला काही होत नाही. तुझं पत्र चांगलं होतं, माझं वाईट होतं. मला सैन्यातलं काही कळत नाही, युद्धातलं काही कळत नाही, मी उगाच बोलले. पप्पांना तू वाटेल ते सांगू शकतेस, घरी या म्हणूनसुद्धा.

तेवीस वर्षांत मी कुठल्या मुलाला मला कळत नाही असं सांगितलं नव्हतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"हो बाई," ती म्हणाली.

"कळलं ना?"

"हो बाई."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी दुपारी त्यांना वर रेंज मिळायची, आई म्हणाली. ती आधी बोलली, मग फोन पोरीला दिला. तिचे वडील काहीतरी बराच वेळ सांगत होते, बर्फाचं असावं, कारण ती एकदा म्हणाली, "एवढा?" मी खुर्चीत ताठ बसून होते. आई ओट्याशी उभी होती, दूध तापवायचं सोडून. दोघी वाट बघत होतो.

"मी बरी आहे, पप्पा," ती म्हणाली. "अभ्यास चालू आहे. तुम्ही काळजी घ्या. पाऊल मागे घेऊ नका."

मग फोन कानाला तसाच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंडी परीक्षेत उत्तर देऊन झालं की मुलं बघतात तसं, बरोबर आलं का म्हणून. आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं, माझ्या नकळत, माझी मान हलली.